पितळेचा कवडसा

बँडमध्ये दोन ट्रम्पेटवाले शेजारी-शेजारी का उभे करतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, आवाज मोठा व्हावा म्हणून. आवाजाला एक धडधाकट माणूस पुरतो. दोघं लागतात ती श्वासासाठी. सूर लांबवायचा असला की एकाचा दम कुठेतरी संपतोच, आणि तो श्वास घेतो तेवढ्यात सुराला फट पडते. म्हणून एकाने श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्याने किंचित जास्त फुंकून सूर धरून ठेवायचा. आमच्या बँडमध्ये याला फट बुजवणं म्हणत. त्यातली मेख अशी की श्वास ओळ संपते तिथे घ्यायचा नाही, कारण तिथे सगळेच घेतात. ओळीच्या मधोमध, कुणाला शंका येणार नाही अशा जागी घ्यायचा. आणि एकमेकांकडे बघायचं नाही. बघितलं की दोघंही एकदम श्वास घेऊन बसतात आणि सगळा घोटाळा होतो.

वीसेक वर्षं मी असा एका माणसाच्या डाव्या हाताला उभा राहिलो. ग्वाल्हेरातल्या पोलिसांच्या एका पलटणीचा आमचा बँड. जोडीदार माझ्याहून थोडा मोठा. वाजवताना त्याचा चेहरा कसा होतो ते मला कधी कळलं नाही, पण त्याचा दम कुठे संपणार हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. त्याच्या बायकोला तो कधी खोटं बोलतोय हे कळायचं नाही. मला कळायचं, श्वासावरून.

आमचं घराणं दक्षिणेतून फौजेबरोबर आलेलं. पणजोबांच्या हाती भाला होता, वडिलांच्या हाती ट्रम्पेट आला. घसरण म्हणा नाहीतर प्रगती. वडील संस्थानच्या बँडमध्ये होते. संस्थान विलीन झालं तेव्हा बँडचंही विलीनीकरण झालं. काही जणांना पोलिसांत घेतलं, बाकीचे वरातींत वाजवायला लागले. वडिलांना पोलिसांत घेतलं. ते सांगत की राज्य गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनी तीच सलामी वाजवली, फक्त समोरचा माणूस बदलला होता. ज्यांना घेतलं नाही त्यांच्याबद्दल मात्र ते कधी बोलत नसत. मी विचारलं तर विषय बदलत. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

जोडीदार पुजाऱ्याच्या घरातला. पाटणकर बाजारामागे एक लहानसं राममंदिर आहे, त्याची नित्यपूजा त्यांच्याकडे होती. पुजाऱ्याच्या मुलाने तोंडाने फुंकायचं वाद्य धरलं म्हणून घरात मोठा गहजब झाला होता. त्याच्या आईचं म्हणणं, हे सगळं उष्टं, उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. म्हणून पहिलं वर्षभर त्याचा ट्रम्पेट आमच्या घरी, गोरखी महालाजवळच्या गल्लीत, माझ्या ट्रम्पेटशेजारी खुंटीला टांगलेला असे. तो पहाटे पूजा करून, कपाळाला गंध लावून आमच्याकडे यायचा आणि दोन्ही पेट्या सायकलला लावून आम्ही निघायचो.

आम्हा दोघांना घडवलं ते एका म्हाताऱ्या गोवेकर बँडमास्तरने. संस्थानी काळातला माणूस, केव्हाच निवृत्त झालेला, पण बँडच्या शेडमध्ये येऊन बसायचा. परेडची सलामी शिकवून झाली की इकडेतिकडे बघून हळूच जॅझ काढायचा. महालातल्या मेजवान्यांना म्हणे हेच वाजायचं. जोडीदाराच्या बोटांत ते मुरलं. मला जॅझ कधी नीट आला नाही. मी सूर धरणारा. तो त्या सुराभोवती हुंदडणारा. मास्तर मला म्हणायचा, तू खांब आहेस, आणि मी ते कौतुक समजून घ्यायचो.

ही सगळी प्रस्तावना एवढ्यासाठी की आम्ही दोघं चाळिशी उलटल्यावर हेवी मेटल वाजवायला लागलो, आणि ते कसं ते आता सांगणं सोपं जाईल.

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. गिटार शिकली होती. पुण्याचा आतेभाऊ तिला कॅसेटी भरून पाठवायचा आणि घरात दिवसभर दगडफेक चालायची. एका दुपारी तिने मला खुर्चीत बसवलं.

“बाबा, जरा ऐकून घ्या ना. मतलब, पूर्ण ऐका, मध्येच उठून जाऊ नका.”

जिन्यावरून कुणी भांडी लोटून द्यावीत तसे ड्रम. चढावर अडकलेल्या ट्रकसारखी गिटार. त्यावर एक माणूस पोटदुखी झाल्यासारखा ओरडत होता. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्या धुरळ्यातून एक सॅक्सोफोन बाहेर आला. सरळ, सावकाश, टोपी तिरकी घालून कुणी रस्ता ओलांडावा तसा. त्याच्या मागून दोन ट्रम्पेट. मी पुन्हा खाली बसलो.

“अगं, हा जॅझवाला इथे कुठे येऊन पडला?”

“तेच तर! मेटलच आहे, पण त्यात जॅझ मिसळलाय. आम्हाला असंच करायचंय. पर हमारे पास हॉर्न, मतलब ट्रम्पेट वगैरे, नाहीयेत ना.”

“पडावावर जा, ट्रकांच्या अड्ड्यावर. एकेका ट्रकला दोन-दोन आहेत.”

ती हसली नाही. तिने मला म्हटलं, “तुम्ही आणि काका या ना रविवारी.” काका म्हणजे माझा जोडीदार.

पडावावर तिच्या एका मित्राच्या वडिलांची ट्रान्सपोर्ट कंपनी होती. रविवारी गोदाम बंद असे. खोक्यांच्या थप्प्या, तागाच्या पोत्यांचा आणि डिझेलचा वास, वर पत्रा. ट्रान्सपोर्टवाल्याचा मुलगा ड्रमवर, एक काटकुळा मुलगा बेस गिटारवर, जो कधी तोंड उघडायचा नाही, आणि आमची कन्या. आम्ही दोघं गेलो तेव्हा जोडीदाराच्या कपाळावरचं गंध अजून ओलं होतं.

ड्रमवाल्याने समजावलं, “अंकल, बस एक नोट है। खींचते जाओ। छोड़ना नहीं है।”

खाली त्यांच्या गिटारी कडबा कापायच्या यंत्रासारख्या खटाखट चालत होत्या आणि वर आम्ही एकच सूर धरायचा होता. तोही सरळ नव्हे. मुलीने दोघांना दोन सूर दिले, इतके जवळचे की एकमेकांना चावत होते. नियमाने चूकच. पण खालचा तो सगळा कल्लोळ आणि वर ते चावणारे दोन सूर एकत्र झाले की छातीत काहीतरी हलायचं. मग दुसऱ्या भागात मी धरून राहायचं आणि जोडीदाराने मोकळं सुटायचं. मास्तरकडून शिकलेला सगळा जॅझ त्याने त्या गोदामात बाहेर काढला. त्या सुरावटी परेडवर कधीच वाजवता आल्या नव्हत्या. माझा खांब पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडत होता.

गाणं थांबल्यावर ड्रमवाला आमच्याकडे बघतच राहिला. “अंकल, आप लोग साँस कब लेते हो?”

“बेटा, हम बारी-बारी से जीते हैं,” जोडीदार म्हणाला, आणि पोरं जी खूश झाली!

त्यानंतर दर रविवारी आम्ही जायचो. पलटणीत कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांच्या बँडमधले दोन हवालदार गोदामात बसून हे असलं वाजवतात हे कळलं असतं तर उरलेली नोकरी चेष्टेत गेली असती. पण मी इतका आनंदात कधी नव्हतो. घरी येताना कानांत शिट्ट्या वाजायच्या, ओठ सुजलेले असायचे, आणि आम्ही दोघं सायकलींवरून बावळटासारखे हसत यायचो.

त्याच वर्षी राज्याचे दोन तुकडे करायचं ठरलं. पूर्वेकडचा भाग वेगळा होणार, नवं राज्य होणार. कचेऱ्यांत दुसरा विषय नव्हता: कोण इथे, कोण तिथे. टेबलं वाटली, गाड्या वाटल्या, कुत्री वाटली, मग बँडची पाळी आली. आमचा आणि दुसऱ्या एका पलटणीचा बँड एकत्र करणार आणि जास्तीची माणसं तिकडे पाठवणार. ट्रम्पेटची दुसऱ्या पलटणीतली माणसं ठरलेली होती. आमच्या दोघांत जागा एक. भोपाळहून एक साहेब येऊन परीक्षा घेणार आणि ज्याचं वाजवणं कमी भरेल तो नव्या राज्यात बिगुलर म्हणून जाणार.

मी गेलो असतो तर काय झालं असतं? घर स्वतःचं होतं, बायको खंबीर होती, मुलगी मोठी झाली होती. मला करमलं नसतं, एवढंच. त्याचं तसं नव्हतं. देवळामागच्या दोन खोल्या ज्याच्याकडे पूजा त्याच्याकडे, असा तिथला रिवाज. आई गेली होती, वडील अर्धांगाने खाटेला खिळले होते. पहाटेची पूजा तोच करायचा. तो गेला की पूजा चुलतभावाकडे जाणार आणि पूजेबरोबर खोल्या. चुलतभाऊ टपूनच होता. हे सगळं मला माहीत होतं. त्यानेच मला एका रविवारी गोदामाच्या पायरीवर बसून सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, “तूच राहशील रे. तुझ्यासारखं वाजवणारा आहे कोण?”

आणि ते खरंच होतं. वाजवण्यात तो माझ्या दहा पावलं पुढे होता.

परीक्षा बँडच्या शेडसमोर झाली. साहेबांची एक पद्धत होती. ते वाजवणाऱ्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसायचे. चेहरा बघितला की कान फसतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळे वाद्यं घेऊन रांगेत, तोंडं शेडच्या पांढऱ्या भिंतीकडे. मधे साहेबांची खुर्ची, तीही भिंतीकडे तोंड करून. सकाळचं ऊन एका बाजूने तिरपं येत होतं. नाव पुकारलं की आहे त्याच जागी उभं राहून एकट्याने सलामीची संथ धून वाजवायची. बाकीच्यांनी गप्प राहायचं.

त्याचं नाव आधी आलं. सुरुवात त्याने अशी केली की साहेबांची मान हलली. आणि पहिल्याच लांब ओळीच्या मधोमध, आमच्या नेहमीच्या जागी, त्याने श्वास घेतला.

वीस वर्षांची सवय, आणि वर त्या उन्हाळ्यात दर रविवारी तोच लांबलचक सूर. त्याच्या छातीला कुणी सांगितलंच नव्हतं की आज शेजारचा वाजवत नाहीये. फट पडली. उघडी, दात पडलेल्या तोंडासारखी.

माझा ट्रम्पेट वर आला. मी आणला नाही, तो आला. समोरच्या भिंतीवर पितळेचा कवडसा सरसर वर चढला. माउथपीस ओठांना लागला, गार लागला, आणि मी तो खाली केला. कवडसा भिंतीवरून खाली उतरला.

का केला? एकट्याने वाजवायचं असा नियम होता, हे खरं. पण त्या वेळी मला नियम आठवला नव्हता. मला आठवलं की जागा एकच आहे. नंतर मी स्वतःला बरीच कारणं सांगून पाहिली, एकही रात्रभर टिकलं नाही.

पुढच्या ओळीतही तेच झालं. एकदा फट पडली की माणूस बिचकतो. शेवटाकडे तर त्याने दोनदा श्वास घेतला. साहेबांनी डोळे न उघडता शेजारच्या कारकुनाला सांगितलं, “साँस बीच में टूटती है।”

मग माझं नाव आलं. मी ठरवून टाकलं होतं की ओळ संपल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही. ठरवून काय होतं? ओळीच्या मधोमध माझीही छाती आपसूक उघडली, आणि मला कळलं, संपलं. पण फट पडलीच नाही. माझ्या उजव्या हाताला तोच सूर चालू होता, माझ्याच आवाजात, माझ्याच जाडीचा, अगदी हळू. मी श्वास घेऊन परतलो तेव्हा त्याने तो माझ्या हाती दिला आणि तो बाजूला झाला. सगळी धून त्याने मला असं पार नेलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायचं नसतं.

“दम अच्छा है,” साहेब म्हणाले.

रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. अळीमिळी गुपचिळी. बँडवाले चुगली करत नाहीत. माझ्या पाठीवर एकानेही थाप मारली नाही, एवढंच.

परतताना पडावाच्या पुलाखाली आम्ही चहाला थांबलो. मी विचारलं, “तू कशाला वाजवलंस?”

“मी कुठे वाजवलं? सवय आहे रे. फट दिसली की भरायची.”

“साहेबांना कळलं असतं तर दोघंही गेलो असतो.”

“नाही ना कळलं. मग झालं तर.” त्याने ग्लास खाली ठेवला, रस्त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ऊन फार होतं आज भिंतीवर.”

मी चहाचे पैसे दिले. तोंडात मूग धरले ते धरलेच.

पुढच्या आठवड्यात मी मनाशी पक्कं केलं की साहेबांना जाऊन सांगायचं. इस्त्रीचा गणवेश चढवून कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, साहेब भोपाळला परत गेले, सगळं ठरलं, आता काही व्हायचं नाही. मला हलकं वाटलं. हे लिहितानाही मान खाली जाते, पण मला हलकं वाटलं. कचेरीसमोर एकाची गाडी होती, तिथे मी उभा राहून कचोरी खाल्ली, दोन्ही चटण्यांसकट, आणि ती मला फार चविष्ट लागली. ठरलेलं काही बदललं नसतं कदाचित. पण मी भोपाळला जाऊ शकलो असतो. गाडी रोज जाते.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पोरांनी ते गाणं बसवलं. कार्यकारिणीला सांगितलं होतं की जॅझ आहे. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी पहिल्याच ठोक्याला कानात बोटं घातली आणि एक काकू बाळाला घेऊन चालत्या झाल्या. “हे कसलं देवापुढे!” असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. पण हॉर्न सुरू झाले तसा मांडव गप्प झाला. मी त्या दिवशी त्याची एकही फट उघडी पडू दिली नाही. तो श्वास घ्यायच्या आधीच मी फुंकत होतो, गरजेपेक्षा जास्त, ओठ फुटेपर्यंत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. उतरल्यावर तो म्हणाला, “अरे, जरा कमी. माझा सूरच ऐकू येईना मला.”

मुलीला परीक्षेचं कळलं होतं, अर्धंच. घरी येताना ती म्हणाली, “बाबा, हमारी वजह से झालं ना? दर रविवारी तोच सूर, तीच जागा. काकांना मध्येच श्वास घ्यायची सवय आम्हीच पक्की केली.”

मी म्हटलं, “नाही गं, ती जुनी सवय.” पण जोर लावून म्हटलं नाही. कवडशाचं तर सांगितलंच नाही. माझ्या ओझ्यातलं थोडं तिने उचललं तर मला बरंच वाटत होतं, आणि तिने ते उचललं. पुढे बरेच दिवस तिने गिटारला हात लावला नाही.

दिवाळी झाल्यावर तो गेला. पूजा चुलतभावाकडे गेली. त्याची बायको गोरखीजवळ शाळेत शिकवायची, तिला तिथेच एक खोली बघून दिली. त्याच्या वडिलांना खाटेसकट हातगाडीवरून आम्ही त्या खोलीत नेलं. म्हातारबुवांनी सगळं आयुष्य त्या देवळाच्या आवारात काढलेलं. वाटेत ते आकाशाकडे बघत पडले होते. खोलीत ठेवल्यावर माझा हात धरून अडखळत म्हणाले, “तू राहिलास ते बरं झालं. आपलं कुणीतरी इथे हवंच होतं.” मी हात सोडवून घेतला आणि खाटेचा पाय सारखा करायला खाली वाकलो.

मग मला वडील आठवले. विलीनीकरणात ज्यांना घेतलं नाही त्यांची नावंही ते का घेत नसत, ते मला त्या खोलीत समजलं. घेतलेल्याला सगळी नावं पाठ असतात.

तो तिकडे जंगलाकडच्या एका छावणीत बिगुलर झाला. पहाटे एक हाक, संध्याकाळी एक. फोनवर हसत सांगायचा, “बढिया आहे. माकडं वेळेवर येतात ऐकायला.” वडील वारले तेव्हा तो येऊन पोहोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. अग्नी चुलतभावाने दिला. मी त्याच्या बायकोकडे जायचो, गॅस आणून द्यायचो, दिवे लागायच्या आत परतायचो. ती मला आदराने वागवायची, आणि ते मला सोसायचं नाही.

निवृत्त होऊन तो परत आला तेव्हा आम्ही दोघं पांढरे झालो होतो. मुलगी पुण्याला नोकरी करते, ती दिवाळीला आली होती. तिनेच टूम काढली, “गोदामात जाऊया ना, बाबा. फिर एक बार. काकाही आहेत.” ट्रान्सपोर्टवाल्याचा मुलगा आता स्वतःच मालक झालाय, डोक्यावर केस नाहीत, पण ड्रम त्याने पोत्याखाली जपून ठेवले होते. बेसवाला कॅनडात आहे असं कळलं. तिथेही तो बोलत नसावा.

मी माझा ट्रम्पेट घेतला आणि वडिलांचा जुना ट्रम्पेट जोडीदारासाठी नेला. आम्ही पूर्वीसारखे उभे राहिलो. तो माझ्या उजव्या हाताला. मी मनाशी ठरवलं होतं, आज याची फट मी अशी भरीन की याला कळेल. बोलून जमलं नव्हतं, निदान तसं तरी.

गिटार सुरू झाली. तोच कडबा, तीच खटाखट. आम्ही सूर धरला. त्याचा सूर थोडा थरथरत होता, पण होता. ती जागा जवळ येऊ लागली. मी छाती भरून घेतली आणि ऐन वेळी फुंकलं.

त्याने तिथे श्वास घेतलाच नाही. तो तसाच पुढे गेला, ओळीच्या टोकापर्यंत, आणि तिथे, ड्रमच्या ठोक्यावर, चारचौघांसारखा थांबून त्याने दम घेतला. माझा जास्तीचा सूर मधेच टोचल्यासारखा बाहेर आला. मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुढच्या ओळीतही तेच. मग माझी जागा आली. माझी छाती अजून तशीच आहे, मधोमध उघडते. फट पडली. मी इतकी वर्षं त्याने ती भरावी म्हणून थांबलो होतो हे मला तेव्हा कळलं. तो डोळे मिटून स्वतःची ओळ संपवत होता.

ड्रम थांबले. मालक म्हणाले, “अंकल, पहले तो कभी टूटता नहीं था।”

“चूक माझी आहे,” जोडीदार म्हणाला. त्याने माउथपीस रुमालाने पुसला. “तिकडे एकटाच असायचो ना. मधे श्वास घेतला तर भरणार कोण? ती सवय मोडावी लागली. फार वेळ लागला रे मोडायला.” त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, “त्या दिवशी भिंतीवर...”

“असू दे,” तो म्हणाला. “वाजव.”

मुलीने पायाने ताल दिला आणि आम्ही पुन्हा सुरू केलं. या वेळी मीही ओळ संपेपर्यंत छाती आवळून धरली आणि त्याच्याबरोबरच श्वास घेतला. प्रत्येक ओळीच्या टोकाला आम्हा दोघांचा सूर एकदम तुटत होता, आणि तेवढा वेळ गोदामात फक्त मुलीची गिटार उरत होती.